मागचा दोरा

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांचा विषय निघाला की बायकोला त्यांच्या हातची कारळ्याची चटणी आठवते, मेहुण्याला त्यांचं पहाटेच गोठ्यात शिरणं आठवतं. मी बहुतेक वेळा गप्प बसतो. मला आठवतात मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्या, दिवाळीच्या आगेमागचे दिवस आणि मला क्रोशा शिकवणाऱ्या सासूबाई. हे कुणाला सांगायचं म्हणजे आधी बरंच काही सांगावं लागतं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी वाळूजला एका छोट्या शॉपात, म्हणजे कारखान्यात, पत्र्याचे पार्ट दाबणाऱ्या प्रेसवर होतो. पहिली शिफ्ट असली की पहाटे मोटरसायकल काढायची आणि शहराच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं. गणपती उठले त्याच आठवड्यात परत येताना रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून गाडी घसरली. बाकी सगळं खरचटण्यावर निभावलं, पण उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

बायकोला तेव्हा सहावा महिना होता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. सातव्यात तिला पैठणकडच्या तिच्या गावी न्यायचं ठरलेलं होतं. पण एका हातानं शर्टाची बटणं लावता न येणाऱ्या नवऱ्याला सोडून जायला ती तयार होईना. शिवाय जवळच्या एका बालवाडीत ती शिकवत होती, ते काम तिला शेवटपर्यंत करायचं होतं. मग सासूबाईच आल्या. एक पत्र्याची ट्रंक, एक ज्वारीचं पोतं आणि त्या.

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मीही म्हणायचो, पण हाक मारायची वेळ फारशी आलीच नव्हती. जावयासमोर त्या कधी बसल्या नव्हत्या, माझ्याशी थेट बोललेल्याही मला आठवत नाहीत. काही विचारायचं असलं तर लेकीला पुढं करायच्या. मी समोर बसलेलो असायचो आणि त्या भिंतीकडं बघत म्हणायच्या, "इचार त्यांला, च्या घेतेत का." बायको माझ्याकडं बघून हसायची, मी मान हलवायचो, ती आईला सांगायची, "घेतेत."

पण बायको सकाळी साडेसातला बालवाडीत जायची ती एक वाजता यायची. तेवढा वेळ घरात मी आणि मामी. मी पुढच्या खोलीत, त्या स्वयंपाकघरात. चहा झाला की त्या कप उंबऱ्यावर ठेवायच्या आणि बांगड्या वाजवायच्या. मी उठून कप घ्यायचो. पहिल्या पंधरा दिवसांत आमच्यात याहून जास्त काही घडलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. पण हात ओळखीचाच राहिला नव्हता. बारीक झालेला, कातडी सुकलेली, आणि बोटं अशी आखडलेली की पाण्याचा तांब्या उचलता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक स्पंजचा चेंडू दिला आणि दिवसातून शंभरदा दाबायला सांगितला. पहिल्या दिवशी दाबला. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर सोडला. तिसऱ्या दिवशी तो खिडकीत पडून राहिला. दुखायचं हे एक, आणि दुसरं म्हणजे रोज दाबूनही चेंडू होता तसाच राहायचा. माझं काही चाललंय असं वाटायचंच नाही. आपण परत प्रेसवर उभं राहू की नाही, ही भीती होती, पण ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "डॉक्टरीणबाईनं चेंडू दाबा म्हणलं व्हतं ना?"

घरात तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे हे मलाच होतं.

"दुखतंय मामी," मी म्हणालो.

मग मामी उंबऱ्यात येऊन बसल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांच्या हातात क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा होता. दुपारी त्या रुमाल विणत बसतात हे मी पाहिलं होतं. ते दोन्ही त्यांनी फरशीवरून माझ्याकडं सरकवलं.

"चेंडू दाबून काय दिसतंय? हे करा. केलं तर काय तरी झालेलं दिसंल."

मला हसू आलं. पण त्या हसत नव्हत्या.

साखळी घालायला मला चार दिवस लागले. एक फास, त्यातून दोरा ओढायचा, मग दुसरा फास. लहान मुली खेळता खेळता शिकतात ते. माझा अंगठा आणि तर्जनी मिळतच नव्हती, म्हणून मी सुई मुठीत धरायचो, कालथा धरावा तशी. मामी समोर उंबऱ्यात बसून स्वतःच्या हातानं दाखवायच्या. समोरून बघताना सगळं उलटं दिसायचं, त्यांचा डावा हात माझ्या उजव्या बाजूला. मी गोंधळायचो. त्या रागावल्या नाहीत कधी. "उसवा," एवढंच म्हणायच्या. आठवड्याच्या शेवटी खिडकीपासून दारापर्यंत पोचेल एवढी साखळी झाली. बायको आली, तिनं ती हातात घेऊन बघितली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण त्याच दुपारी मी भाकरीचा तुकडा उजव्या हातानं मोडला. तेव्हा कुणी हसलं नाही.

साखळीनंतर मुका खांब. क्रोशातला हा सगळ्यात बुटका टाका. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन वेढे झाले की दोन्हीतून एकदम काढायचा. तो जमला. मग उंच खांब. मामींना एवढंच येत होतं, आणि एक सहा पाकळ्यांचं फूल. लहानपणी त्यांच्या गावात शाळेतल्या मास्तरांच्या बायकोनं त्यांना शिकवलेलं. तेवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षं तोरणं आणि रुमाल केले होते.

दिवाळी झाल्यावर माझ्या शिफ्टमधले दोघं मला बघायला आले. दाराबाहेर त्यांचा आवाज ऐकला आणि मी हातातलं विणकाम उशीखाली सारलं. गप्पा चालल्या होत्या. मामी आत चहा करत होत्या. उशीखालून दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं एकाला दिसलं. त्यानं ते ओढलं, सुई आणि पट्टी त्याच्या हातात आली.

"हे काय रे?"

"काही नाही," मी म्हणालो, "मामींचं आहे. त्यांचा पसारा असतो सगळीकडं."

ते हसले, मीही हसलो. मामींनी चहा उंबऱ्यावर ठेवला. त्या दिवशी बांगड्या वाजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या उंबऱ्यात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चहा यायचा, जेवण यायचं, पण सुई कुठं दिसेना. बायकोला विचारावं तर सगळं सांगावं लागणार. शेवटी मीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. मामी मेथी निवडत होत्या.

"मामी, सुई कुठंय?"

"ट्रंकेत ठिवली. पसारा व्हतो नव्हं."

मी तिथंच खाली बसलो. म्हणालो, "चुकलं माझं. लाज वाटली त्या दोघांसमोर."

त्या मेथीची पानं खुडत राहिल्या. मग बोलल्या, माझ्याकडं न बघता.

"माझा सासराबी असंच म्हणला व्हता येकदा. पावणे आलते, रुमाल खाटंवर ऱ्हायला व्हता. म्हणला, ह्यो काय पसारा. मंग मी चार वर्सं सुईला हात लावला नाय. लई वाईट गेली ती चार वर्सं." मग जराशानं म्हणाल्या, "तुमी तरी म्हणू नगा."

"नाही म्हणणार," मी म्हणालो.

त्यांनी हात पुसले, ट्रंक उघडली आणि सुई काढून दिली. त्यानंतर मी विणायला बाहेर गॅलरीत बसायला लागलो. पहिल्या दिवशी कानशिलं तापली होती. शेजारचे काका येता-जाता थांबले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाताचा व्यायाम का?" मी म्हणालो, "व्यायामबी आहे आणि बाळाला टोपीबी करायचीय." ते बरं म्हणून निघून गेले. एवढंच झालं. मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

टोपीचं मी काकांना सहज बोलून गेलो होतो, पण आता ती करणं भाग होतं. बाळ ऐन थंडीत यायचं होतं. मामींनी लोकरीची कानटोपी सुरू केली, मी शेजारी तशीच दुसरी. मापाला डोकं नव्हतं म्हणून देवघरातला नारळ घेतला. मामींची टोपी झाली, देखणी झाली, पण नारळावर काही चढेना. सैल केली तर चढली आणि फिरवली की गळून पडली. मुका खांब घट्ट असतो, तो ताणला जात नाही. दुकानातल्या टोपीची कड कशी ओढली की पसरते आणि सोडली की बसते, तसं काही आमच्याकडून होईना. मामींनी तीनदा उसवलं. बायको दुपारी आली तर देवघरासमोर टोपी घातलेला नारळ आणि दोन्ही बाजूंना आम्ही दोघं, काळजीत.

"गुलमंडीत जाऊन या," ती म्हणाली. "तिथं त्या लोकरीच्या दुकानात विचारा."

दुसऱ्या दिवशी मी आणि मामी सिटी बसनं निघालो. पहिल्यांदाच असे दोघंच बाहेर. त्या माझ्या चार पावलं मागं चालत होत्या, आणि गर्दीत हरवतील म्हणून मी दर मिनिटाला वळून बघत होतो. दुकान अरुंद होतं, गल्ल्यावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. वर दोरीला तान्ह्या मुलांच्या टोप्या टांगलेल्या. मामींनी एक खाली घ्यायला लावली, कड ओढून बघितली. ती कड हवी तशी पसरत होती. विणलेली क्रोशानंच, पण तिच्यावर उभ्या घड्या पडल्यासारख्या रेघा होत्या.

"हे कसं केलंय?" मामींनी विचारलं.

त्या बाईंनी मामींच्या पिशवीतलं विणकाम बघितलं आणि हसल्या. "अम्मा, तुम दोनों धागे उठा रहे. दोनों नक्को उठाओ. पीछू का एकच उठाना, आगू का छोड़ देना. बस, इत्ताच है." तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्या तिकडं वळल्या.

मामींनी मान डोलावली आणि ती टोपी विकत घेतली. बसमध्ये मी विचारलं, "कळलं का तुम्हाला?"

"नाय," त्या म्हणाल्या. "तुमाला?"

"नाही."

घरी आल्यावर आम्ही ती विकत आणलेली टोपी समोर ठेवून बसलो. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन धाग्यांची वेणी असते. एक धागा आपल्याकडचा, एक पलीकडचा. सुई नेहमी दोन्हींच्या खालून जाते. पलीकडचा एकच उचलायचा म्हणजे आपल्याकडचा धागा मोकळा राहतो आणि त्याची रेघ उमटते. हे मला बघून बघून कळलं. शॉपात तयार पार्टवरचा चरा शोधायची सवय होती, ती तिथं कामाला आली.

पण मामींचा हात ऐकेना. चाळीस वर्षं दोन्ही धागे उचललेला हात. सुई आपोआप दोन्हींच्या खाली शिरायची. "आत्ता गं बया," म्हणून त्या उसवायच्या आणि पुन्हा तेच व्हायचं. माझ्या हाताला कसलीच सवय नव्हती. दोन ओळी चुकल्यावर तिसरी जमली.

"बघा मामी," मी म्हणालो. "मागचा घ्यायचा."

"ह्यो?"

"तो नाही, मागचा."

"मंग ह्यो मागचाच हाय की."

त्या उंबऱ्यात, मी समोर खिडकीखाली. माझ्या बाजूनं जो मागचा, तो त्यांच्या बाजूनं पुढचा. मी बोट दाखवायचो, त्या उलटाच धरायच्या. दहा मिनिटं आम्ही असे मागं-पुढं करत राहिलो. शेवटी दोघांच्याही ध्यानात आलं की असं समोरासमोर बसून हे व्हायचं नाही.

सासूला आपल्याशेजारी बसा असं जावयानं म्हणायचं नसतं. मामींनी एकदा बाहेरच्या दाराकडं बघितलं. मग उठल्या, सतरंजीवर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. आमच्यात वीतभर अंतर असेल.

"दावा आता," त्या म्हणाल्या.

आता दोघांचा मागचा दोरा एकाच बाजूला होता. मी हळू हळू टाका घेतला. सुई पलीकडच्या धाग्याखालून, दोरा ओढला, दोन वेढे, दोन्हीतून काढला. त्यांनी माझ्या हाताकडं बघत आपला टाका घेतला. मग दुसरा. चौथ्याला त्यांची सुई परत दोन्हींखाली गेली आणि मी म्हणालो, "उसवा."

त्या थांबल्या. माझ्याकडं सरळ बघितलं, पहिल्यांदाच. आणि हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, आवाज न करता. मला त्यांचं हसणं माहीतच नव्हतं. बायको हसते तसंच होतं ते.

एक वाजता बायको आली तेव्हा आम्ही तसेच शेजारी बसलो होतो. ती दारात थबकली, चप्पल काढली आणि आमच्याकडं न बघितल्यासारखं करून सरळ आत गेली. आतून म्हणाली, "मीच वाढून घेते आज."

टोपीच्या कडेसाठी चार बोटं रुंदीची पट्टी, ओळ संपली की उलटी धरून परत विणायची, दर ओळीला मागचा दोरा. एक अडचण यायची. ओळीतला शेवटचा टाका लपून बसतो. तो सुटला की पट्टी निमुळती होत जाते. म्हणून प्रत्येक ओळीला मोजून दहा टाके. मामी मोठ्यानं मोजायच्या, मी मनात. मग पट्टीची टोकं जोडली, वरच्या कडेनं टाके उचलले आणि टोपीचा माथा मामींनी त्यांच्या जुन्या उंच खांबानं भरला. नारळावर चढवली. चढली, आणि सुटली नाही.

मुलगी थंडीतच झाली. तिला कापडात गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा मामींनी पिशवीतून टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुमी घाला," म्हणाल्या. टोपी नीट बसली. कानही झाकले गेले. ती टोपी नंतर मेहुण्याच्या मुलाला गेली, तिथून आणखी कुणाला. आता ती कुठं आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

हात सुधारला, पूर्ण नाही. शॉपात मला प्रेसवरून तपासणीच्या टेबलावर घेतलं, आणि मला ते काम आवडायलाही लागलं. मामी संक्रांतीनंतर गावी गेल्या. पण त्यांचे फोन यायला लागले, आणि ते लेकीला नसायचे. मी फोन उचलला की, "जावईबापू, पट्टी निमुळती व्हायली बगा."

"शेवटचा टाका सुटतोय मामी."

"मोजते की वो."

"परत मोजा."

दुसऱ्या दिवशी फोन. "सुटला व्हता."

असे फोन किती तरी वर्षं येत राहिले. लोकरीचा रंग कोणता घेऊ, सुई जाड हवी का, डोळ्यांना दिसत नाही आता, काळी लोकर आणू नका. मुलगी मोठी होत गेली. आता अकरावीला आहे. तिला मी एकदा शिकवायला बसलो तर तिनं मोबाइलवर व्हिडिओ लावला, पाच मिनिटांत टाका करून दाखवला आणि उठून गेली. वाईट वाटलं नाही, पण एवढ्याशा गोष्टीला आम्हाला किती दिवस लागले होते हे आठवून थोडं चुकल्यासारखं झालं.

मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी एकटाच त्यांना बघायला गावी गेलो होतो. चारच्या एसटीनं परत यायचं ठरवलं होतं. पोचलो तर अंगणात लिंबाच्या सावलीत त्या बसल्या होत्या, डोळ्यांवर हिरवा चष्मा, आणि भोवती तीन बायका. दोन त्यांच्या भावकीतल्या नवीन सुना. एक वाडीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली वयस्क बाई. हातात सुई अशी धरलेली की मला माझी मूठ आठवली. मामींना विणता येत नव्हतं, पण बोटानं टाके चाचपून त्या चुका सांगत होत्या.

मी दिसल्यावर सुनांनी पदर सावरले आणि उठायला लागल्या. मामी म्हणाल्या, "बसा गं. कुठं चालल्या? तुमी इचारत व्हत्या ना, ह्यो टाका मला कुणी शिकिवला? ह्ये आमचे जावई. ह्यांनीच शिकिवला."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात केळी.

"खरंच व्हय?" त्या वयस्क बाईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "पण मला सुई मामींनी दिली."

"मंग मला जमंना झालंय ते बगा की जरा. पार वाकडं चाललंय."

तिनं पट्टी पुढं केली. मी केळी मामींजवळ ठेवली, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसलो. चारची एसटी गेली. पुढची साडेसहाला होती.